शुल्क वाढलं तिकडे, करार अडला इकडे

या वेळच्या पत्रांतली तीन एकाच विषयाभोवतीची आहेत, म्हणून एकत्र घेते. तिन्ही लिहिणारी माणसं वेगळी, पण तिघांनाही छळणारी गोष्ट एकच. निर्णय होतो कुठल्यातरी दूरच्या राजधानीत, आणि त्याचा भार पडतो कारखान्यातल्या युनियनवर. मी बावीस वर्षं कामगारांच्या बाजूने वाटाघाटींना बसले. त्यामुळे उत्तरं त्या खुर्चीतूनच देणार आहे.

प्रश्न : ताई, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी युनियनचा सरचिटणीस आहे. आमचा बराचसा माल एका परदेशी ग्राहकाकडे जातो. त्या देशाने आयातशुल्क वाढवलं. आमचा वेतनकरार संपून पाच महिने झाले. मॅनेजमेंट म्हणतं, या वेळी वाढ विसरा आणि महागाई भत्ता गोठवायला सही करा, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या देशात जाईल. सभासद घाबरलेत. यातलं खरं किती आणि धमकी किती, हे ओळखायचं कसं?

साथी, आधी एक आठवण सांगते. आमच्याही टेबलावर एकदा असाच कागद आला होता. वर ग्राहक देशाचं नाव, खाली शुल्काचा नवा दर, आणि त्याखाली आमच्या पगारातून किती कापायचं त्याचा आकडा. जणू पहिल्या ओळीतून शेवटची ओळ आपोआपच निघते. आम्ही तीन बैठका त्या कागदाकडे नुसते बघत बसलो. चौथ्या बैठकीला आमच्या कमिटीत डिस्पॅच खात्यातला एक क्लार्क होता. तो रोज इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट टाइप करायचा. त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, आपल्या इन्व्हॉइसवर तर एफओबी लिहिलेलं असतं. मग शुल्क आपण कुठे भरतो?"

एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा. पलीकडच्या बंदरावर शुल्क भरायचं ते माल घेणाऱ्याने. डीडीपी असं लिहिलेलं असेल, तर मात्र दारापर्यंतचा खर्च आणि शुल्क दोन्ही विकणाऱ्याच्या अंगावर. तीन अक्षरांचा फरक, पण सगळा हिशेब बदलतो.

त्यानंतर खरी बोलणी सुरू झाली. मॅनेजमेंटने सांगितलं की ग्राहकाने दरात सवलत मागितली आहे आणि त्यांनी मागणीच्या निम्मी मान्य केली आहे. म्हणजे नुकसान खोटं नव्हतं. कागदावर दाखवलं होतं तेवढं मात्र नव्हतं. आम्ही त्या निम्म्यावर बोललो, आणि जे दिलं ते मुदत घालून दिलं.

म्हणून तुमच्या कमिटीने पुढच्या बैठकीच्या आधी ही माहिती लेखी मागावी. माल कोणत्या अटीवर जातो, एफओबी की डीडीपी? एकूण उत्पादनापैकी त्या एका देशाला किती जातं? ऑर्डर रद्द झाली आहे, पुढे ढकलली आहे, की फक्त ग्राहकाचा ई-मेल आला आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या भागाचा एचएस कोड कोणता? जगभरच्या सीमाशुल्क खात्यांत प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. त्यातले पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे त्या त्या देशाचे. शुल्क बसतं ते क्रमांकावर. वर्तमानपत्रात 'वाहन उद्योगावर शुल्क' असा मथळा येतो, पण तुमचा भाग त्या यादीत आहे की नाही ते क्रमांक बघितल्याशिवाय कळत नाही. युनियनच्या सरचिटणीसाला हा क्रमांक तोंडपाठ असावा, असं माझं ठाम मत आहे.

आता धमकीबद्दल. कारखाना हलवण्याची भीती हे व्यापार धोरणाने मालकांच्या हाती दिलेलं सर्वांत मोठं हत्यार आहे, आणि ते प्रत्यक्ष चालवावंही लागत नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा हा व्यापार करार १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. त्यानंतर कॉर्नेल विद्यापीठातल्या केट ब्रॉनफेनब्रेनर यांनी अमेरिकेतल्या युनियन बांधणीच्या मोहिमा तपासल्या. जवळपास निम्म्या ठिकाणी मालकांनी कारखाना बंद करण्याची धमकी दिली होती. मिशिगनमधल्या एका कारखान्यात तर युनियनची मोहीम चालू असताना फाटकासमोर ट्रेलर उभे करून ठेवले होते. वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली यंत्रं, बाजूला भडक गुलाबी फलक : 'मेक्सिकोला बदली'. कामगार रोज त्या ट्रेलरांसमोरून आत जायचे. विचार करा, त्या माणसाने युनियनच्या अर्जावर सही कशी करावी?

आयात किती वाढली आणि नोकऱ्या किती गेल्या, यावर अर्थतज्ज्ञ भरपूर लिहितात. ते महत्त्वाचंच आहे. पण जिथे एकही नोकरी गेली नाही, तिथेही पगारवाढ थांबते आणि सभासद नोंदणी थांबते, ते या ट्रेलरांमुळे. मालक जाऊ शकतो आणि कामगार जाऊ शकत नाही, एवढं दोन्ही बाजूंना माहीत असलं की पुरतं.

तुमच्या बाबतीत मात्र मला एक गोष्ट आशादायक वाटते. वाहनाचा सुटा भाग एका देशातून उचलून दुसऱ्या देशात बनवायला घेता येतो, पण तो आठवड्याभरात होत नाही. नवे साचे लागतात, नमुने पास करून घ्यावे लागतात, ग्राहकाकडून मंजुरी घ्यावी लागते. तुमच्या टूलरूममधल्या जुन्या माणसांना विचारा, हे सगळं करायला किती महिने लागतील. ते महिने हीच तुमची ताकद आहे.

आणि द्यायचंच असेल तर कायमचं देऊ नका. शुल्क हा सरकारी आदेश आहे, तो बदलतो. तुमचा महागाई भत्ता एकदा गोठला की परत सुटायला पुढचा करार यावा लागतो. करारात कलमच घाला, की दर अमुक पातळीखाली आला किंवा ऑर्डर पूर्ववत झाली, तर गोठवलेली रक्कम त्या तारखेपासून सुरू. दर तिमाहीला निर्यातीचे आकडे कमिटीला दाखवायचे, हेही लिहून घ्या. आणखी एक सांगते, ते कदाचित तुमच्या सभासदांना आवडणार नाही. अशा मंदीत पहिली कपात कंत्राटी कामगारांची होते आणि कायम कामगार गप्प राहतात. आम्हीही राहिलो होतो. सहा महिन्यांनी आमच्यावर वेळ आली, तेव्हा शॉप फ्लोअर अर्धा रिकामा होता आणि फाटकावर उभं राहायला माणसंच नव्हती. कंत्राटी कामगारांची नावं आत्ताच मागणीपत्रात घ्या.

प्रश्न : मी तयार कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायकांची युनियन बांधते. हल्ली व्यापार करारांत कामगार हक्कांचं प्रकरण असतं म्हणतात. त्याने आम्हाला खरंच बळ मिळतं, की श्रीमंत देशांना स्वतःचा बाजार राखायला ते निमित्त आहे? आमच्या कमिटीतच यावर दोन तट आहेत.

तुमच्या कमिटीतले दोन तट हे जगाच्या कामगार चळवळीतलेच दोन तट आहेत, आणि भांडण जुनं आहे. १९४८ च्या हवाना सनदेत आंतरराष्ट्रीय व्यापार संघटना स्थापायची होती. तिच्या सातव्या कलमात न्याय्य कामगार मानकांचा स्पष्ट उल्लेख होता. पण अमेरिकेच्या काँग्रेसने त्या सनदेला कधीच मंजुरी दिली नाही. मागे उरला तो फक्त आयातशुल्क आणि व्यापाराच्या नियमांचा गॅट करार. त्यात कामगारांविषयी जवळपास एवढंच होतं की कैद्यांकडून बनवून घेतलेला माल अडवता येईल. जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये आली, आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या मंत्रिपरिषदेत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. भारतासह अनेक विकसनशील देशांनी विरोध केला. स्वस्त श्रम हाच आमचा टेकू आहे, तो तुम्ही हक्कांच्या नावाखाली काढून घेणार, ही भीती होती. शेवटी ठरलं ते असं : मानकांचं काम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, आणि मानकांचा वापर संरक्षणवादासाठी करायचा नाही. व्यापार करारात कामगार मानकं घालायची, याला 'सामाजिक कलम' म्हणत, आणि तेव्हा भारतातल्या केंद्रीय कामगार संघटनाही त्याच्या विरोधात होत्या. त्यांची शंका मला तेव्हा पटली होती, आजही निम्मी पटते.

उरलेलं निम्मं मत बदललं ते कंबोडियामुळे. तुमच्याच उद्योगातली गोष्ट आहे, म्हणून सविस्तर सांगते.

त्या काळात श्रीमंत देशांत कपडे पाठवायला कोटा असायचा, म्हणजे कोणत्या देशाने किती माल पाठवायचा याला मर्यादा. १९९९ मध्ये अमेरिकेने कंबोडियाशी तीन वर्षांचा करार केला. कारखान्यांत कामगार कायदे पाळले जात असतील, तर दरवर्षी १४ टक्क्यांपर्यंत जादा कोटा. तपासणी करायला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची माणसं कारखान्यांत फिरू लागली. शिक्षा नव्हती, बक्षीस होतं. मालकाला कळत होतं की युनियनला त्रास दिला तर सगळ्या देशाचाच कोटा अडेल. त्या वर्षांत कपड्यांच्या कारखान्यांत युनियन भराभर उभ्या राहिल्या. व्यापार धोरणाने युनियनला इतकी उघड जागा करून दिल्याचं दुसरं उदाहरण मला फारसं दिसत नाही.

पण १ जानेवारी २००५ ला कापड-कपड्यांचे कोटे जगभर संपले. कोटाच नाही तर जादा कोट्याचं बक्षीस कुठलं? तपासणी राहिली, तिच्यामागचं आमिष गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २२ जानेवारी २००४ ला, कंबोडियाच्या फ्री ट्रेड युनियनचे अध्यक्ष चिया विचिया यांची नॉम पेन्हमध्ये भर दिवसा गोळ्या घालून हत्या झाली होती. २०१४ च्या जानेवारीत किमान वेतनासाठी रस्त्यावर उतरलेल्या कपडा कामगारांवर गोळीबार झाला, माणसं मेली. २०१६ च्या कायद्याने युनियन नोंदणी आणखी अवघड केली. मग २०२० च्या ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने कंबोडियाहून युरोपात येणाऱ्या निर्यातीतल्या सुमारे एक पंचमांश मालावरची शुल्कमाफी काढून घेतली. कारण दिलं मानवी हक्कांचं आणि कामगार हक्कांचंही.

आता हा निर्णय शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या जागेवरून बघा. तिची युनियन चिरडली म्हणून तिच्या सरकारला शिक्षा झाली, आणि ती शिक्षा पोचली तिच्याच ऑर्डरवर. देशावर शुल्क लावण्याचं हेच दुखणं आहे. ज्या कारखान्याने युनियन मोडली तो आणि ज्याने प्रामाणिकपणे करार केला तो, दोघेही एकाच काठीने झोडपले जातात.

म्हणून कोणत्याही करारातलं कामगार प्रकरण हातात आलं की मी फक्त यंत्रणा वाचते. तक्रार कोण करू शकतं? किती दिवसांत निकाल? आणि दणका कोणाला बसतो, देशाला की त्या एका कारखान्याला?

नाफ्टाच्या कामगारविषयक जोडकरारात युनियन बनवण्याच्या हक्कावर गदा आली तर नुसती मंत्रिस्तरावर चर्चा व्हायची, दंडापर्यंत ते प्रकरण जाऊच शकत नव्हतं. अमेरिकेने मध्य अमेरिकेतल्या देशांशी केलेल्या व्यापार करारातलं ग्वाटेमालाचं प्रकरण त्याहून बोचतं. तिथल्या आणि अमेरिकेच्या युनियननी २००८ मध्ये तक्रार केली. निकाल आला २०१७ मध्ये. लवादाने मान्य केलं की काही ठिकाणी कायदा पाळायला लावण्यात सरकार कमी पडलं. पण त्याचा व्यापारावर परिणाम झाल्याचं पुरेसं सिद्ध झालं नाही म्हणून प्रकरण फेटाळलं. नऊ वर्षं! युनियन केली म्हणून कामावरून काढलेला माणूस नऊ वर्षं काय करत असेल?

या अपयशातून शिकून पुढचा करार लिहिला गेला, असं मात्र म्हणता येतं. १ जुलै २०२० पासून नाफ्टाच्या जागी नवा करार आला. त्यात जलद कारवाईची सोय आहे. तक्रार एका ठरावीक कारखान्याविरुद्ध होते, युनियन स्वतः ती दाखल करू शकते, मुदत दिवसांत मोजली जाते, आणि त्याच कारखान्याच्या मालावर बडगा उगारता येतो.

मेक्सिकोत सिलाओ इथे जनरल मोटर्सचा पिकअप ट्रकचा मोठा कारखाना आहे. तिथली जुनी युनियन आपल्या भाषेत सांगायचं तर मालकाच्या खिशातली होती. करारावर सही तिची, पण तो कामगारांना कोणी दाखवलेला नव्हता. मेक्सिकोने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि असे जुने करार गुप्त मतदानाने कामगारांसमोर ठेवणं बंधनकारक केलं. सिलाओत २०२१ च्या एप्रिलमध्ये मतदान सुरू झालं, तेव्हा मतपत्रिका नष्ट केल्याचं उघडकीला आलं. मे महिन्यात अमेरिकेने जलद कारवाई सुरू केली. ऑगस्टमध्ये निरीक्षकांसमोर पुन्हा मतदान झालं आणि कामगारांनी जुना करार ३,२१४ विरुद्ध २,६२३ मतांनी फेकून दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये नव्या स्वतंत्र युनियनने, सिन्टियाने, तीन चतुर्थांशांहून जास्त मतं मिळवून निवडणूक जिंकली. तिच्या नेत्या अलेहांद्रा मोरालेस या त्याच कारखान्यातल्या कामगार. मतदानाच्या तोंडावर त्यांना घरी जाऊन धमकावलं गेलं, तरी त्या हटल्या नाहीत. मे महिन्यात करार झाला, ८.५ टक्के पगारवाढीचा.

तक्रार ते करार, एक वर्ष. ग्वाटेमालाच्या नऊ वर्षांशेजारी हे एक वर्ष ठेवा, म्हणजे कमिटीतल्या दोन्ही तटांना बोलायला काहीतरी ठोस मिळेल.

तुमच्या शंकेखोर तटाचाही मुद्दा मी सोडणार नाही. ही सोय प्रत्यक्षात जवळजवळ एकाच दिशेने चालते. अमेरिकेतल्या कारखान्यावर ती लावायची, तर तिथल्या कामगार मंडळाचा आदेश आधीच मोडलेला असावा लागतो. मेक्सिकोला ती अट नाही. अमेरिकेतल्या मालकांनी युनियन मोडायला वापरलेल्या युक्त्या कमी नाहीत. नियम दोघांना सारखा हवा होता.

तुमच्यासाठी माझा सल्ला साधा आहे. तुमच्या कारखान्यांचा माल ज्या देशांत जातो, त्यांच्याशी कोणता करार किंवा शुल्कमाफी आहे ते शोधा, आणि त्यातलं तक्रारीचं कलम वकिलाकडून वाचून घ्या. मग नोंदी ठेवायला लागा. कोणाला कोणत्या तारखेला काढलं, आदल्या आठवड्यात ती कोणत्या सभेला होती, सुपरवायझर काय म्हणाला, साक्षीला कोण. सिलाओच्या बाबतीत यंत्रणा चांगली होती हे खरं, पण ज्या बायका-पुरुषांनी मतपेटीजवळ काय झालं ते तारखेनिशी सांगितलं, त्यांच्याशिवाय ती हललीच नसती.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माझे बाबा युनियनमध्ये होते. आयातशुल्क वाढलं तर कामगारांचं भलं होतं, असं ते मानतात. पण मग दोन देशांच्या युनियन एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात, ते कसं?

तुझे बाबा पूर्ण चुकीचे नाहीत, त्यांना हे आधी सांग. २०१८ मध्ये अमेरिकेने पोलादावर २५ टक्के शुल्क लावलं. तिथल्या पोलाद कामगारांच्या युनियनने पाठिंबा दिला. कंपन्यांचा नफा वाढला. पण त्याच वर्षी करार संपला, तेव्हा यूएस स्टीलने वाढलेला नफा आपणहून वाटला नाही. कामगारांनी संपाला मंजुरी देणारं मतदान केलं, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये चार वर्षांत मिळून सुमारे १४ टक्के वाढ ठरली. शुल्काने पैसा मालकाच्या तिजोरीपर्यंत आणला, तिथून पगाराच्या पाकिटापर्यंत आणला तो युनियनने. आणि पुढच्याच वर्षी, २०१९ च्या डिसेंबरमध्ये, याच कंपनीने डेट्रॉईटजवळच्या कारखान्याचा मोठा भाग बंद करण्याचं जाहीर केलं. शुल्क तेव्हाही लागूच होतं.

दुसरा भाग तुझ्या प्रश्नाचा. २०२५ मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क लावलं. अमेरिकेतल्या वाहन कामगारांच्या युनियनने, यूएडब्ल्यूने, स्वागत केलं. कॅनडातल्या वाहन कामगारांच्या युनियनने, युनिफॉरने, कडाडून विरोध केला. गंमत नाही ही, मला वाचून वाईट वाटलं. कारण कॅनडाचे वाहन कामगार १९८५ पर्यंत त्याच यूएडब्ल्यूचे सभासद होते. एका युनियनच्या दोन शाखा सीमेच्या दोन बाजूंना, आणि एकीची रोजी वाचावी म्हणून दुसरीची जावी अशी मांडणी. दोघींचे नेते वाईट नाहीत. प्रत्येक जण आपल्या सभासदांना जबाबदार आहे, आणि सभासद असतात एका देशात.

पण ही मांडणी एवढीच असते असं समजू नकोस. वर सिलाओबद्दल लिहिलं, त्यातली एक गोष्ट तुझ्यासाठी राखून ठेवली होती. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये यूएडब्ल्यूने जनरल मोटर्समध्ये संप केला, तो चाळीस दिवस चालला. अमेरिकेतलं उत्पादन बंद, म्हणून सिलाओत जादा काम करून घेण्याची तयारी सुरू झाली. तिथल्या काही कामगारांनी ओव्हरटाइमला नकार दिला. सीमेपलीकडचा संप आपल्या हातांनी मोडायचा नाही, एवढ्यासाठी. त्यांचा पगार अमेरिकेतल्या कामगाराच्या पासंगालाही पुरत नव्हता, ओव्हरटाइमची त्यांना गरज होती. त्यांतल्या अनेकांना कामावरून काढलं. मतपेटीपर्यंत पोचलेली स्वतंत्र युनियनची चळवळ पुढे नेणारा गट या काढलेल्या माणसांनी उभा केला होता.

हे बाबांना वाचून दाखव आणि ते काय म्हणतात ते मला कळव. त्यांच्या काळात असं काही घडलं असेल तर तेही लिहून पाठव.